हवेवर गाडी, गाडीखाली कोण?

पाच सेकंदांचं ते रील तुमच्याही फीडवर येऊन गेलं असेल. गाडीखाली रबराची जाडजूड, घड्यांची पिशवी सरकवतात, पाइप जोडतात, नॉब फिरवतात आणि एसयूव्हीची एक बाजू हवेत! ना हँडल मारणं, ना घाम. घरच्या पार्किंगमध्ये स्वतः ऑइल बदलायची, ब्रेक पॅड टाकायची हौस असेल तर 'आपणही एक एअर जॅक घेऊया' हा विचार येणारच. घ्या की. पण कुठला, आणि त्याच्या भरवशावर काय करायचं नाही, ते आधी बघू.

रीलमधला तो बॅग जॅक. दुसरा प्रकार एअर-हायड्रॉलिक. त्यात हवा फक्त छोटा पंप हलवते, गाडी उचलतं ते तेल. हायवेवरच्या टायरवाल्याकडे ट्रकखाली दिसतो तो बहुधा हाच. पण तो ट्रकसाठीच बरा. त्याची मूळ उंचीच इतकी असते की हॅचबॅकखाली तो शिरतच नाही.

आता अकरावीचं फिजिक्स आठवा. 25 सेंमी व्यासाच्या बॅगचं क्षेत्रफळ साधारण 490 चौरस सेंमी. छोट्या हॅचबॅकची एक बाजू उचलायला 400-450 किलोचा भार धरला, तर लागणारा दाब येतो जेमतेम 1 बार. म्हणजे तुमच्या टायरमध्ये असतो त्याच्या निम्मा! दाब लागतो कमी, हवा मात्र लागते भरपूर. पाच सेकंदांची ती करामत बॅगची कमी आणि टाकीवाल्या कॉम्प्रेसरची जास्त. घरी कॉम्प्रेसर नसेल, तर जॅकच्या किमतीत त्याचीही किंमत धरा. टायरमध्ये हवा भरायच्या छोट्या 12 व्होल्टच्या पंपावर ही बॅग फुगलीच, तरी आरामात फुगेल. मग हाताने पंप मारायचा ट्रॉली जॅक काय वाईट?

खरी गोम पुढे आहे. तेल दाबलं जात नाही, हवा दबते. त्यामुळे बॅगवर उचललेली गाडी स्प्रिंगवर बसल्यासारखी असते. घट्ट नट सोडवायला पान्याला हिसका दिला की ती डुलते. शिवाय एक बाजू वर जाताना गाडी सरळ वर जात नाही, थोडी तिरकी होत जाते. बॅगही तिच्यासोबत कलते. बारीक गळती असेल तर गाडी हळूहळू बसते, आणि बॅग फाटली तर हळूहळू वगैरे काही नाही. इंडीकार किंवा ले माँच्या शर्यतींतल्या गाड्याही हवेवर उचलतात हे खरं, पण तिथे गाडीतच बसवलेले धातूचे सिलिंडर असतात, रबराची पिशवी नव्हे.

म्हणून जॅक कुठलाही असो, तो उचलायला. धरून ठेवायला जॅक स्टँड. गाडीखाली हात, डोकं, काहीही घालायचं असेल तर आधी स्टँड लावा, गाडी त्यावर टेकवा, एकदा हलवून बघा. 'दोनच मिनिटांचं काम आहे' म्हणून बिनास्टँडचं खाली सरपटणाऱ्या मित्राला पाय धरून बाहेर ओढा.

इथे एक अडचण विक्रेते सांगत नाहीत. बऱ्याच हॅचबॅकना जॅक लावायच्या जागा चारच, दरवाजाखालच्या पत्र्याच्या कडेला. तिथे बॅग बसली तर स्टँड लावायचा कुठे? दुसरी मजबूत जागा कुठली हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा, नाहीतर ओळखीच्या मेकॅनिककडून दाखवून घ्या. अंदाजाने फ्लोअरच्या पत्र्याला स्टँड लावलात तर पत्रा आत जाईल. बॅगच्या सपाट डोक्यावर ती कड थेट टेकली तर तीही वाकते, त्यामुळे मधे खाच असलेला रबरी पॅड हवाच.

पेव्हर ब्लॉकवर किंवा उतारावर हे काम करूच नका. सपाट काँक्रीट बघा, हँडब्रेक ओढा, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून उटी लावा.

एक तिसराही प्रकार आहे, सायलेन्सरच्या धुरावर फुगणारी मोठी बॅग. वाळूत, चिखलात रुतलेल्या गाडीसाठी ती भारीच, कारण भार मोठ्या जागेवर पसरतो. पण तिच्यासाठी इंजिन चालू ठेवावं लागतं. बंद गॅरेजमध्ये तसं केलं तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला वासही नसतो. तिथे ती नकोच.

मला विचाराल, तर वर्षातून तीन-चार वेळा गाडी उचलणाऱ्याने चांगला ट्रॉली जॅक आणि स्टँडची जोडी घ्यावी. घरात कॉम्प्रेसर आधीपासून असेल, गाड्या वरचेवर उचलायच्या असतील, तर बॅग जॅक जरूर घ्या. त्याला सेफ्टी व्हॉल्व्ह आहे ना, हवा सोडताना गाडी सावकाश उतरते ना, हे दुकानातच विचारा. आणि जायच्या आधी टेप घेऊन गाडीखालची उंची मोजा, तीही टायर पंक्चर आहे असं धरून. जॅकची गरज नेमकी तेव्हाच पडते, आणि तेव्हा गाडी दोन-चार इंच खाली बसलेली असते. घडी केलेली बॅग तेवढ्यात शिरली नाही, तर पुढचं सगळं फुकट.

बाकी कॉम्प्रेसर दुपारी एक ते चार लावू नका. पहिल्या मजल्यावरच्या काकू झोपलेल्या असतात.