कच्चं मांस, पक्का हिशोब

मांजराला घरच्या घरी कच्च्या मांसाचं ‘नॅचरल डाएट’ सुरू करायचा विचार आहे? मग चिकनवाल्याकडे जाण्याआधी थोडं रसायनशास्त्र आणि एक वजनकाटा लागेल!

रूमवर मांजर असणं आता काही नवीन राहिलेलं नाही. कुणाला पार्किंगमध्ये गाडीच्या चाकावर बसलेलं पिल्लू सापडतं, कुणाच्या मेसमागे तीन पिल्लं होतात आणि त्यातलं एक ‘फक्त दोन दिवसांसाठी’ वर येतं. मग ते जातच नाही. नाव ठेवून होतं, इन्स्टावर त्याचं वेगळं अकाउंट निघतं आणि महिनाअखेरीला खर्च वाटून घेताना प्रश्न येतो, याला खायला नेमकं काय घालायचं?

आजीच्या घरी याचं उत्तर सोपं होतं. दुधात कुस्करलेली पोळी आणि मासे आणले की डोकी-शेपट्या. ‘आमची मांजरं त्यावरच धडधाकट होती,’ असं घरची मंडळी आजही सांगतात. पण यात एक गोष्ट सांगायची राहून जाते. ती मांजरं दूध-पोळी खाऊन माळ्यावर नाहीतर गल्लीत जायची आणि उंदीर, पाली, चिमण्या मारायची. खरं जेवण तिकडे व्हायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या, खिडक्यांना जाळी लावलेल्या फ्लॅटमधल्या मांजराला ही सोय नाही. तुम्ही वाटीत जे टाकाल, तेवढंच त्याचं जेवण.

म्हणूनच ‘रॉ डाएट’ची कल्पना पटकन पटते. मांजर मांसाहारी आहे, जंगलात कुणी त्याला चिकन शिजवून देत नाही, मग पाकिटातले कोरडे दाणे कशाला? शिवाय पाकिटामागची घटकांची यादी वाचून निम्मं कळत नाही आणि चिकनचं दुकान खालीच असतं. हा विचार आधी कुत्र्यांच्या बाबतीत गाजला. इयन बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याने १९९३ मध्ये कच्ची हाडं आणि मांस खाऊ घालण्यावर पुस्तक लिहिलं आणि ‘बार्फ’ हा शब्द पेट पॅरेंट्सच्या तोंडी बसला. पुढे तीच टूम मांजरांकडे आली. विचाराचा पहिला भाग अगदी बरोबर आहे. गडबड होते ती दुसऱ्या भागात.

कुत्रा चालवून घेतो, मांजर नाही

कुत्रा मिश्राहाराशी बऱ्यापैकी जुळवून घेतो. मांजर मात्र पक्कं मांसाहारी आहे आणि हा त्याचा नखरा नाही, त्याच्या शरीराची रचनाच तशी आहे. गाजरातल्या बीटा कॅरोटीनपासून आपण व्हिटॅमिन ए बनवतो. मांजराला ते जमत नाही, त्याला ते तयारच लागतं, म्हणजे कलेजीसारख्या अवयवांतून. अ‍ॅराकिडॉनिक अ‍ॅसिड हे फॅटी अ‍ॅसिड त्याला प्राण्यांच्या चरबीतून घ्यावं लागतं. आर्जिनिन हे अमिनो अ‍ॅसिड तर इतकं गरजेचं, की ते अजिबात नसलेलं एकच जेवण झालं तरी काही तासांत रक्तातला अमोनिया वाढून मांजर आजारी पडतं. आणि टॉरिन मांजराच्या शरीरात गरजेपुरतं बनतच नाही.

थोडक्यात, वरण-भातावर वाढलेलं ‘व्हेज मांजर’ ही कौतुकाची गोष्ट नाही. मांस हवंच. प्रश्न आहे तो कोणतं मांस आणि त्यासोबत काय, हा.

उंदीर म्हणजे फुल थाळी

मांजर उंदीर खातं तेव्हा ते फक्त मांस खात नाही. त्यात हाडं असतात, कलेजी असते, हृदय, रक्त, आतडी, मेंदू सगळं असतं. हाडांतून कॅल्शियम, कलेजीतून व्हिटॅमिन ए, हृदयातून भरपूर टॉरिन. थाळी पूर्ण. आपण मात्र दुकानात जाऊन ‘अर्धा किलो बोनलेस’ मागतो. म्हणजे थाळीतली एकच वाटी उचलतो आणि त्याला नॅचरल डाएट म्हणतो.

नुसत्या मांसात कॅल्शियम नावापुरतं असतं आणि फॉस्फरस त्याच्या पंधरा-वीस पट. मांजराला हे दोन्ही जवळजवळ सारख्या प्रमाणात लागतात, कॅल्शियम किंचित जास्त. खाण्यातून कॅल्शियम मिळालं नाही की शरीर ते स्वतःच्याच हाडांतून काढून घ्यायला लागतं. मोठ्या मांजरात हे बरेच दिवस लक्षात येत नाही. वाढत्या पिल्लाच्या बाबतीत मात्र फार वेळ लागत नाही.

माझ्या एका वर्गमैत्रिणीच्या फ्लॅटवर हेच झालं. अडीच महिन्यांचं पिल्लू, लाड प्रचंड. रोज ताजं बोनलेस चिकन, दुसरं काही नाही. दोनेक महिन्यांनी ते पलंगावर उडी मारेना, मग मागचा पाय टेकवेना. कुठून पडलंही नव्हतं. एक्स-रे काढला तर हाडं कागदासारखी फिकट दिसत होती आणि एका पायाच्या हाडाला बारीक तडा गेलेला. डॉक्टरांनी आधी खाण्याची चौकशी केली आणि तिथेच निदान झालं. काही आठवडे पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती, पिल्लांसाठीचं संतुलित खाद्य, औषधं. ते पुन्हा चालायला लागलं, पण त्या महिन्यात तिघींच्या पॉकेटमनीचे बारा वाजले. कुणी हयगय केली नव्हती हे महत्त्वाचं. तिघींनी स्वतःच्या जेवणात काटकसर करून त्याला चिकन आणलं होतं.

एनर्जी ड्रिंकवरचं ते नाव

टॉरिन हा शब्द तुम्ही एनर्जी ड्रिंकच्या कॅनवर वाचला असेल. १८२७ मध्ये तो पहिल्यांदा बैलाच्या पित्तातून वेगळा केला गेला, म्हणून ‘टॉरस’वरून टॉरिन. (मांजराला एनर्जी ड्रिंक चाटवायची आयडिया कुणाच्या डोक्यात आली असेल तर थांबा, कॅफीन मांजरासाठी विष आहे.)

टॉरिन कमी पडलं की मांजराच्या डोळ्यांतला पडदा खराब होतो, हे १९७५ मध्ये संशोधकांनी दाखवलं. तिथे झालेलं नुकसान भरून येत नाही. त्याहून मोठा धक्का १९८७ मध्ये बसला. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की मांजरांच्या हृदयाचे स्नायू सैल पडून हृदय फुगण्याच्या आजारामागे बऱ्याचदा टॉरिनची कमतरता असते. ही मांजरं गल्लीत उपाशी फिरणारी नव्हती, नावाजलेलं पाकीटबंद खाद्य खाणारी होती. टॉरिन दिल्यावर अनेकांची हृदयं सुधारली. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातलं टॉरिन वाढवलं आणि हा आजार झपाट्याने कमी झाला. म्हणजे पाकीटवालेही चुकले होते. फरक इतकाच, की चूक सापडल्यावर ती सगळ्यांसाठी दुरुस्त झाली. आपल्या किचनमधली चूक शोधायला कुणी संशोधक येत नाही.

कच्च्याच्या बाजूने हमखास सांगितलं जातं ते फ्रान्सिस पॉटेंजर यांचं उदाहरण. या अमेरिकन डॉक्टरने १९३२ ते १९४२ या काळात सुमारे ९०० मांजरांवर प्रयोग केले. कच्चं मांस खाणारी मांजरं ठणठणीत राहिली, शिजवलेलं खाणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्या खंगत गेल्या. ऐकायला जबरदस्त! पण मांजराला टॉरिन लागतं हेच तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. टॉरिन पाण्यात विरघळतं, त्यामुळे मांस उकळून पाणी फेकलं की तेही जातं. शिजवलेलं मांस सूपसकट दिलं आणि वरून टॉरिन घातलं असतं तर काय झालं असतं, याचं उत्तर त्या प्रयोगात नाही.

सप्लिमेंट म्हणजे चिमूटभर काहीतरी नव्हे

घरच्या डाएटच्या चांगल्या रेसिपींमध्ये मांसाबरोबर ठरलेल्या गोष्टी असतात. कॅल्शियमसाठी दळलेली हाडं, बोनमील किंवा अंड्याच्या कवचाची पूड. टॉरिनची पावडर. कलेजी. ओमेगा थ्रीसाठी फिश ऑइल आणि त्याच्या जोडीला व्हिटॅमिन ई. बी कॉम्प्लेक्स. आयोडीन. यातलं एकही ‘असलं तर घालू’ या सदरातलं नाही.

आणि जास्त झालं तरी पंचाईत. मांजर आवडीने खातं म्हणून रोज कलेजी-पेठाच दिला तर व्हिटॅमिन ए साचून मानेची हाडं एकमेकांना जुळून येतात, मग मांजराला मान वळवून स्वतःचं अंगही चाटता येत नाही. बहुतेक रेसिपींमध्ये कलेजीचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपासच असतो तो यासाठी. काही कच्च्या माशांमध्ये व्हिटॅमिन बी १ नष्ट करणारं एन्झाइम असतं. रोज कच्ची मासळी खाणाऱ्या मांजराची मान खाली झुकते, तोल जातो, फिट्सही येतात. म्हणून अंदाजपंचे चमचा चालत नाही, ग्रॅममध्ये मोजावं लागतं.

‘पुस्तकातून रेसिपी घेऊ’ म्हणाल, तर २०१९ चा एक अभ्यास ऐका. डेव्हिस विद्यापीठाच्याच अभ्यासकांनी पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या मांजरांसाठीच्या ११४ घरगुती रेसिपी तपासल्या. त्यातल्या फक्त पाच रेसिपींमध्ये जवळपास सगळी पोषणद्रव्यं पुरेशी निघाली, आणि त्यातही कोलीन कमीच. त्या पाचही पशुवैद्यांनी लिहिलेल्या होत्या.

फ्रीज तुमचाही आहे

समजा, सगळा हिशोब जमला. तरी ‘कच्चं’ हा मुद्दा उरतोच. कच्च्या चिकनमध्ये साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर, लिस्टेरिया, ई. कोलाय असू शकतात. फ्रीझरमध्ये ठेवल्याने ते मरतात हा गैरसमज आहे, बरेचसे नुसते झोपतात. मांजराला स्वतःला कदाचित काही होणार नाही. पण ते वाटीत तोंड घालतं, अंग चाटतं आणि रात्री तुमच्या उशीवर झोपतं. रूममेट्सचा डबा त्याच फ्रीजमध्ये असतो आणि कांदा त्याच पाटावर चिरला जातो. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेने (एव्हीएमए) २०१२ मध्येच कुत्र्या-मांजरांना कच्चं मांस देऊ नये अशी भूमिका घेतली, ती प्राणी आणि माणसं दोघांचा विचार करून.

त्यात आता बर्ड फ्लूची भर पडली आहे आणि मांजरकुळाला एच५एन१ फार जोरात धरतो. २०२३ मध्ये दक्षिण कोरियात सोलच्या निवारा केंद्रांतली मांजरं दगावली, तेव्हा त्यांच्या खाद्याच्या नमुन्यातच हा विषाणू सापडला. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत ऑरेगॉन राज्यात टर्कीचं फ्रोझन कच्चं खाद्य खाऊन एक घरगुती मांजर मेलं. आणि हे लांबचं वाटत असेल तर नागपूर आठवा. त्याच सुमारास गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले. खाण्यातून संसर्ग झाल्याचा संशय तेव्हा व्यक्त झाला होता. पाठोपाठ शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाड्यात, घरगुती मांजरांमध्येही एच५एन१ आढळला. चिकन नीट शिजवलं की हा विषाणू मरतो. कच्चं देताना ही ढाल आपणच काढून ठेवतो.

मग खायला घालायचं काय?

सगळ्यात सोपा, विद्यार्थ्यांना झेपणारा मार्ग म्हणजे पाकिटावर ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ लिहिलेलं आणि मांजराच्या वयाला योग्य असं खाद्य मुख्य जेवण म्हणून द्यायचं. वरून उकडलेल्या चिकनचे चार तुकडे खाऊ म्हणून. खाऊ एकूण आहाराच्या दहा टक्क्यांपर्यंत असला तर थाळी बिघडत नाही.

घरचंच द्यायचं असेल तर ते मांस हलकं शिजवून, त्याच्या पाण्यासकट आणि प्राण्यांच्या आहाराची माहिती असलेल्या पशुवैद्याने त्या मांजरासाठी लिहून दिलेल्या प्रमाणात द्या. खासगी क्लिनिक परवडत नसेल तर परळचं ‘बैलघोडा हॉस्पिटल’ किंवा नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय असे पर्यायही आहेत. रेसिपी मिळाली की त्यात परस्पर बदल नको. ‘टॉरिन संपलंय, पुढच्या पॉकेटमनीत आणू’ हा सुद्धा बदलच.

आणि खाणं बदलताना घाई अजिबात नको. आठ-दहा दिवसांत जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत जा. ‘भूक लागली की झक मारत खाईल’ हे मांजराला लागू होत नाही. दोन-तीन दिवस ते काहीच खाल्लं नाही, तर लिव्हरमध्ये चरबी साचून जिवावर बेतू शकतं, जाड मांजरांच्या बाबतीत तर जास्तच.

मांजरावरचं प्रेम चिकनच्या किलोवर मोजता येत नाही. तुमच्या वाटीत काय कमी आहे हे ते तोंडाने सांगणार नाही. ते फक्त एक दिवस उडी मारायचं थांबेल. त्याआधी हिशोब आपण करायचा.

वाटी भरण्याआधी

● बिर्याणी किंवा रश्श्यातलं चिकन नको. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात.

● शिजवलेली हाडं कधीच नको. ती टोकदार तुटतात आणि घशात, आतड्यात रुततात.

● आपल्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या मांजराला देऊ नका.

● कच्चं मांस हाताळलंच तर सुरी, पाट, डबा वेगळा ठेवा. वाटी वीस-तीस मिनिटांत उचला, हात साबणाने धुवा.

● घरात लहान मूल, गर्भवती, वयस्कर किंवा आजारी व्यक्ती असेल तर कच्चं मांस नकोच. पिल्लांना आणि आजारी मांजरांनाही नको.

● लंगडणं, उडी टाळणं, मान झुकणं, धाप लागणं, अंधारात धडपडणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. काय खाऊ घालता, हे न लाजता खरं सांगा.