येर्बा माते : दक्षिण अमेरिकेतील पारंपरिक पेयाची कृती, गुणधर्म व मर्यादा

प्रस्तावना

चहा व कॉफी यांप्रमाणेच कॅफीनयुक्त, परंतु सर्वस्वी वेगळ्या कुळातील वनस्पतीपासून तयार होणारे पेय म्हणजे ‘येर्बा माते’ होय. अर्जेंटिना, पॅराग्वे, उरुग्वे व दक्षिण ब्राझील या प्रदेशांत ते दैनंदिन जीवनाचा अविभाज्य भाग आहे. आरोग्यवर्धक पेय म्हणून त्याची जाहिरात जगभर होते. तथापि त्याचे गुणदोष केवळ पानांत नसून पाने वाळविण्याच्या व पेय तयार करण्याच्या पद्धतीवरही अवलंबून असतात. प्रस्तुत लेखात याच बाबीचा विचार केला आहे.

वनस्पती व इतिहास

‘इलेक्स पॅराग्वारिएन्सिस’ हे या सदाहरित वृक्षाचे शास्त्रीय नाव असून ते फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ सेंट-हिलेर यांनी १८२२ मध्ये दिले. ‘येर्बा’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ वनौषधी असा आहे, तर ‘माते’ हा शब्द केचुआ भाषेतील तुंबा या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. या पानांचा वापर मूळच्या ग्वारानी लोकांनी सुरू केला. सतराव्या शतकात जेझुइट धर्मप्रसारकांनी या वृक्षाची पद्धतशीर लागवड केली. त्याचे बी सहजासहजी रुजत नाही. १७६७ मध्ये जेझुइटांची स्पॅनिश प्रदेशांतून हकालपट्टी झाल्यावर त्यांच्या बागा ओस पडल्या आणि पुढे दीर्घकाळ जंगली वृक्षांवरच अवलंबून राहावे लागले.

पानांवरील प्रक्रिया

तोडलेली पाने व कोवळ्या डहाळ्या प्रथम ज्वाळांवर काही क्षण धरल्या जातात. त्यामुळे पानांतील विकरांची क्रिया थांबते व हिरवा रंग टिकतो. त्यानंतर पाने गरम हवेवर वाळवून भरड कुटतात व काही महिने मुरवत ठेवतात. पारंपरिक पद्धतीत वाळविण्यासाठी लाकडाचा धूर वापरला जातो. पेयाला येणारा धुरकट स्वाद त्यातूनच निर्माण होतो.

पेय तयार करण्याची रीत

आपल्या परिचयाच्या दुध्या भोपळ्याचाच वाळलेला तुंबा हे या पेयाचे पारंपरिक पात्र होय. तुंब्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग पानांच्या भुकटीने भरून तो तिरका धरतात, जेणेकरून भुकटी एका बाजूस राहते. रिकाम्या बाजूने थोडे कोमट पाणी घालून भुकटी भिजू देतात व तेथेच ‘बोम्बिया’ ही गाळणीयुक्त धातूची नळी खोचतात. त्यानंतर सुमारे ७० ते ८० अंश सेल्सिअसचे पाणी थोडे थोडे ओततात. आपल्याकडील चहाप्रमाणे हे पेय उकळत नाहीत, कारण उकळत्या पाण्याने पाने पोळून ती कडवट होतात. एकाच भुकटीवर पुनःपुन्हा पाणी घालून एकच तुंबा मंडळींमध्ये फिरविला जातो. ‘ग्रासियास’ अर्थात ‘धन्यवाद’ म्हटले की आपल्याला आणखी नको, असा त्याचा संकेत असतो.

गुणधर्म

पानांत कॅफीन, थिओब्रोमीन, क्लोरोजेनिक आम्लवर्गीय पॉलिफेनॉल व सॅपोनिन ही द्रव्ये असतात. कॅफीनमुळे तरतरी येते व थकव्याची जाणीव कमी होते. पॉलिफेनॉलांची ऑक्सिडीकरणरोधक क्षमता प्रयोगशाळेत दिसून आली आहे. रक्तातील कोलेस्टेरॉल कमी होत असल्याचे निष्कर्ष ब्राझीलमधील काही लहान चाचण्यांतून पुढे आले आहेत, परंतु तेवढ्यावरून त्यास औषध म्हणणे योग्य ठरणार नाही.

मर्यादा

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ मध्ये गरम माते पिणे हे ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरविले होते. २०१६ च्या फेरआढाव्यात हा ठपका मातेवर न ठेवता ६५ अंशांहून अधिक गरम असलेल्या सर्वच पेयांवर ठेवण्यात आला. त्यांचा संबंध अन्ननलिकेच्या कर्करोगाशी जोडला जातो. पारंपरिक रीतीत ओतल्या जाणाऱ्या पाण्याचे तापमान या मर्यादेहून अधिक असते आणि नळीमुळे ते थेट घशाशी पोहोचते, ही बाब महत्त्वाची आहे. याखेरीज धुरामुळे पानांत बेंझोपायरीनसारखी घातक द्रव्ये साचतात व थंड पाण्यातही ती काही अंशी उतरतात. पॉलिफेनॉलांमुळे अन्नातील लोहाचे शोषण घटत असल्याने रक्तक्षय असणाऱ्यांनी जेवणासोबत हे पेय टाळावे. गर्भवतींनी कॅफीनच्या एकूण प्रमाणाकडे लक्ष द्यावे.

समारोप

तापमानाच्या प्रश्नाचे उत्तर याच परंपरेत उपलब्ध आहे. पॅराग्वेमध्ये थंड पाण्यात, कुटलेल्या वनौषधी घालून ‘तेरेरे’ पितात. २०२० मध्ये युनेस्कोने या परंपरेचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. धूर न लावता वाळविलेली पाने निवडणे, पाणी पुरेसे निवू देणे किंवा थंड पाणी वापरणे आणि प्रमाण मर्यादित राखणे एवढी काळजी घेतल्यास या पेयाचा लाभ कमीत कमी जोखमीने घेता येईल. कोणत्याही पारंपरिक पेयाचे मूल्यमापन करताना वनस्पतीइतकाच तिच्यावरील संस्कारांचाही अभ्यास आवश्यक असतो, हेच यावरून स्पष्ट होते.