नाणं फ्रेंचांचं, नाव मुघल बादशहाचं! देवघरातला जुना रुपया मोडण्याआधी हे वाचा

सांगलीचं विश्रामबाग असो की शेजारचं मिरज, अनेक घरांत पणजीच्या काळातला चांदीचा एखादा रुपया देवघरात असतो. लक्ष्मीपूजनाला तो बाहेर निघतो आणि पुन्हा डब्यात जातो. चांदीचा भाव चढला की घरात विषय निघतो, मोडायचा का?

चांदी गाळण्यात सांगली जिल्ह्याचा हात कोण धरणार? विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक देशभर पसरलेत. पण एकदा मुशीत गेलेलं नाणं परत येत नाही. आणि तो रुपया कदाचित फ्रेंचांनी पाडलेला असू शकतो.

फ्रेंचांचा रुपया आला कुठून?

फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेत वखार घातली ती १६६८ मध्ये. पुढे पाँडिचेरी हे त्यांचं मुख्य ठाणं झालं. पण इथल्या बाजारात परक्या राजाचा चेहरा चालत नव्हता. सराफ अशी नाणी चांदी म्हणून तोलायचे आणि बट्टा कापायचे. म्हणून गव्हर्नर द्युमा यांनी १७३६ मध्ये अर्काटच्या नवाबाकडून रुपये पाडण्याची परवानगी मिळवली. तेव्हा फ्रान्सच्या गादीवर पंधरावा लुई होता, पण नाण्यावर फारसी अक्षरांत नाव आलं मुघल बादशहा मुहम्मद शाहचं!

ओळखायचं कसं?

फ्रेंच अर्काट रुपयावर चंद्रकोरीची खूण असते. इंग्रजांच्या अर्काट रुपयावर कमळ दिसतं. पाँडिचेरीच्या छोट्या चांदीच्या फनमवर मात्र फ्रेंच राजमुकुट आणि लिलीची फुलं आहेत.

खुद्द फ्रान्समधलं 'एकू' हे नाणं वेगळं. सोळाव्या लुईच्या एकूवर राजाचा चेहरा, साल आणि टांकसाळीचं अक्षर असतं. 'ए' म्हणजे पॅरिस. वजन साधारण साडेएकोणतीस ग्रॅम. वजनात मोठा फरक पडला, तर नकली असल्याची शंका घ्या.

या चुका टाळा

चिंच, राख किंवा पॉलिश लावून नाणं चकचकीत करू नका. त्याने वरचा थर जातो आणि संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते. नाणं कडेला धरा, कोरडं ठेवा.

जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगीरीत्या परदेशात पाठवायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे.

सगळ्यात मोठा धोका मोबाईलवर आहे. 'जुनं नाणं द्या, लाखो घ्या' म्हणणारे आधी कमिशन किंवा कर मागतात. असे पैसे आपण मागत नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच स्पष्ट केलंय.

तेव्हा डब्यातला रुपया आज एकदा उजेडात धरून बघा. चंद्रकोर दिसली, तर मोडायची घाई करू नका. आधी जाणकाराला दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला तर नाण्यांच्या अभ्यासासाठी खास संशोधन संस्थाच आहे.