वाढत्या अंगाची सायकल

परवा संध्याकाळी आमच्या घरात चांगलीच जुंपली होती. विषय काय, तर लेकीची सायकल! लेक यंदा नववीत गेली. जुनी सायकल आता तिला छोटी पडते, वळताना गुडघे हँडलला लागतात. शिवाय रविवारी सकाळी मुलामुलींचा एक ग्रुप पसरणीच्या घाटात सायकली घेऊन जातो, त्यात तिलाही जायचंय. म्हणून तिला हवी होती गियरची, जाड टायरची, माउंटन बाइक म्हणतात ती.

यांचं म्हणणं, "घ्यायचीच तर एकदाच मोठी घेऊ. दोन वर्षांत उंची वाढेलच की." सासूबाईंनी री ओढली, "मग पुढे धाकट्यालाही होईल." पुतण्या तर सायकलींमधला तज्ज्ञच! "काकू, सरळ २९ ची घ्या. हल्ली २६ कोण घेतं?"

मी गप्प होते. कारण माझ्या डोळ्यांसमोर भिंतीला टेकवून ठेवलेली एक सायकल येत होती.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या महिला मंडळाने वर्गणी काढून वाड्यावस्त्यांवरून चालत शाळेत येणाऱ्या ११ मुलींना सायकली दिल्या. सगळ्या एकाच मापाच्या घेतल्या तर दर कमी लागत होता. आम्हीही विचार केला, मुली वाढत्या अंगाच्या आहेत, मोठंच माप घ्यावं. फ्रॉक नाही का आपण दोन बोटं मोठा शिवत? झालं! कार्यक्रम झाला, फोटो निघाले, मुलींचे चेहरे फुलले.

तीन महिन्यांनी त्या रस्त्याने जाताना त्यातली आठवीतली एक मुलगी दप्तर घेऊन चालत येताना दिसली. "अगं, सायकल कुठंय?" तर खाली मान घालून म्हणाली, "पाय पुरत नाही, बाई." एकदा कॅनॉलच्या वळणावर ती पडली होती. कोपर सोलवटलं, आई घाबरली आणि म्हणाली, चालतच जा. मी तिच्या घरी गेले. सायकल भिंतीला टेकवलेली होती, पण धूळ नव्हती तिच्यावर. अकरावीतला भाऊ वापरत होता! नंतर चौकशी केली, तर ११ पैकी ३ सायकली अशाच भावांकडे गेल्या होत्या. कुणी हिसकावून घेतल्या नव्हत्या हं. पण मैत्रिणींनो, बहिणीला मोठी झालेली सायकल भावाला मात्र बरोब्बर बसते. आणि मग मुलगी पुन्हा पायीच.

तेव्हापासून सायकलचं माप हा विषय मी मनावर घेतला. चौकातल्या जुन्या सायकल मिस्त्रीकाकांना विचार विचार विचारलं. दुकानात २४, २६, २७.५, २९ हे आकडे आपल्या कानांवर पडतात, ते चाकाचे. टायरसकट चाकाचा व्यास साधारण तितके इंच. म्हणजे २६ चं चाक सुमारे ६६ सेंटिमीटर उंच, तर २९ चं सुमारे ७४. २६ आणि २७.५ मध्ये ऐकायला दीड इंचाचा फरक वाटतो, पण प्रत्यक्ष रिम मोजली तर पहिली ५५९ मिलिमीटरची आणि दुसरी ५८४ ची. जेमतेम एका इंचाचा फरक! २९ ची रिम ६२२ ची.

यातही गंमत आहे. आपल्या काळ्या जुन्या सायकलींना २२ किंवा २४ इंची म्हणायचे, ते माप चाकाचं नव्हेच. ते फ्रेमचं, म्हणजे सांगाड्याचं. त्यांची चाकं २८ ची. आणि जुन्या लेडीज सायकलचं २६ चं बारीक चाक आणि माउंटन बाइकचं २६ चं जाड चाक हेही एक नव्हे. मी स्वतः फसले आहे. लेडीज सायकलसाठी "२६ चा टायर द्या" म्हणून घेऊन आले, तर तो रिमवर बसेचना. मिस्त्रीकाकांनी टायरच्या कडेला कोरलेले आकडे दाखवले. माझ्या सायकलच्या जुन्या टायरवर ५९० होतं आणि नव्यावर ५५९. टायर घेताना हे तीन आकडी माप जुळवून बघायचं, एवढं तेव्हापासून लक्षात राहिलंय.

मग पुतण्या म्हणतो ते खोटं का? नाही, त्यातही तथ्य आहे. मोठं चाक दगडाधोंड्यांवरून, खड्ड्यांवरून सहज जातं. लहान चाक ज्या खड्ड्यात धपकन उतरतं, त्यावरून मोठं चाक अलगद निघतं. एकदा वेग धरला की टिकवतंही. माउंटन बाइकची सुरुवात १९७० च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपायस डोंगरावर झाली. तिथली तरुण मंडळी जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगर उतरायची. त्या जुन्या सायकलींची चाकं २६ ची, म्हणून पुढे वर्षानुवर्षं २६ च चाललं. १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, तेव्हा महिलांचं सुवर्णपदक इटलीच्या पाओला पेझोने जिंकलं. पुढे चाकं वाढत गेली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं सुवर्ण २९ च्या चाकावर आलं आणि रौप्य २७.५ वर.

पण शर्यतीतल्या उंचनिंच पुरुषाला जे लागतं, ते पाच फुटांच्या आतल्या मुलीला लागेलच असं नाही. मोठं चाक जड असतं, थांबून पुन्हा निघताना जास्त जोर लावावा लागतो. आपल्या बाजारपेठेच्या रस्त्यात दर पन्नास पावलांवर थांबावंच लागतं की! पायडलच्या एका फेरीत २९ ची सायकल २६ पेक्षा साधारण दहा टक्के पुढे जाते, म्हणून त्याच गियरवर चढ जास्त जड जातो. चाक उंच, म्हणून हँडलही उंच येतं. बुटक्या मुलीच्या पायाचा चवडा वळताना पुढच्या चाकाला लागू शकतो. म्हणूनच काही परदेशी कंपन्या एकाच मॉडेलच्या लहान फ्रेमला २७.५ चं आणि मोठ्या फ्रेमला २९ चं चाक लावतात. म्हणजे चाकाचा आकडा ही काही इयत्ता नव्हे, २९ वाली हुशार आणि २६ वाली नापास असं ठरवायला!

शेवटी आम्ही सगळेच दुकानात गेलो. लेकीची उंची चार फूट अकरा इंच. २९ वर उभी राहिली, तर दांडी थेट टेकली. ब्रेक दाबून अचानक उतरायची वेळ आली तर? यांचा चेहराच बदलला. २७.५ तिला चालली असती, पण लहान फ्रेमची नव्हती. दुकानदार म्हणाले, "ताई, सीट खाली करून देतो." सीट खाली होते हो, पण दांडी थोडीच खाली होते? मग लहान फ्रेमची २६ काढली. दांडी आणि शरीर यांत तीन बोटांचं अंतर राहिलं. तिने दुकानापुढे दोन चकरा मारल्या, ब्रेक दाबला, पाय टेकला, वळली. "आई, ही माझं ऐकते," म्हणाली. मैत्रिणींच्या मोठ्या सायकली आठवून तोंड जरा उतरलं होतं, पण पहिल्या रविवारी ती अर्ध्या घाटापर्यंत न उतरता गेली, तेव्हा सगळी नाराजी पळाली.

सासूबाईंना मी एवढंच म्हटलं, "धाकट्याचं धाकट्याच्या वेळी बघू. आज सायकल हिची आहे." त्या हसल्या. म्हणाल्या, "आम्हाला कुणी दुकानात नेऊन उभं केलं असतं, तर आम्हीही शिकलो असतो."

आणि त्या तीन मुलींचं काय? मंडळाने त्या सायकली विकल्या, थोडी भर घातली आणि त्यांच्या मापाच्या घेऊन दिल्या. कॅनॉलच्या वळणावर पडलेली आता बारावीत आहे, आणि अजून सायकलवरच कॉलेजला येते. आता सायकली द्यायच्या आधी आम्ही टेप घेऊन शाळेत जातो. प्रत्येकीची उंची वेगळी लिहून घेतो. दर थोडा जास्त पडतो, पडू दे.

दुकानात जाताना

* मुलीला सोबत न्याच. "सरप्राइज" म्हणून परस्पर सायकल आणू नका.

* घरी भिंतीला पाठ लावून उभं करा, दोन पायांच्या मध्ये जाड पुस्तक वर सरकवून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. सायकलच्या दांडीची उंची त्याहून निदान दोन इंच कमी हवी. घाटात, कच्च्या रस्त्याने जायचं असेल तर आणखी थोडी कमी.

* साधारण साडेचार ते पावणेपाच फुटांपर्यंत २४, त्यापुढे २६, पाच फुटांपुढे लहान फ्रेमची २७.५. २९ चा विचार त्याहून उंच मुलींनी करावा. हा अंदाज आहे, खरी परीक्षा बसूनच.

* पायडल मागेपुढे करून हँडल वळवून बघा, चवडा चाकाला लागत नाही ना? बोटं ब्रेकपर्यंत पोचतात ना?

* त्या मापाचे टायर-ट्यूब आपल्या गावात मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारा.

* आणि हो, हे फक्त मुलींसाठी नाही. आपल्यातल्या कितीतरी जणी पाच फुटांच्या आसपास आहेत. आपल्या मापाची सायकल आपल्यालाही मिळते.