‘पत्री सरकार’ : एका शब्दाची कथा

लोकनेत्याची प्रतिमा जनमनांत उभी राहते ती चरित्रग्रंथांतून क्वचितच. एखादी पदवी, एखादें घोषवाक्य आणि शाहिराचा डफ हींच तिचीं खरीं साधनें होत. क्रांतिसिंह नाना पाटील यांचें उदाहरण या दृष्टीनें मननीय आहे.

सातारा जिल्ह्यांत १९४३ ते १९४६ या काळांत ब्रिटिश सत्तेला न जुमानतां जें लोकशासन चाललें, त्याचें नांव ‘प्रति सरकार’. जनतेनें त्याचें ‘पत्री सरकार’ केलें. ‘प्रति’ हा संस्कृत उपसर्ग खेडुताच्या जिभेवर रुळेना. बैलाच्या खुरांस ठोकावयाची पत्री मात्र त्याच्या नित्य परिचयाची. गांवगुंडांच्या व खबऱ्यांच्या तळपायांवर काठीचे तडाखे बसत असल्यामुळें नवें नांव चपखल ठरलें, आणि पायांस खरोखरच पत्र्या ठोकतात अशी वदंता पसरली. या वदंतेचा धाक चळवळीस उपयोगी पडला. परंतु त्याच धाकापुढें न्यायमंडळें, दारूबंदी आणि अल्प खर्चाचे ‘गांधी-विवाह’ हें विधायक कार्य झांकोळून गेलें.

नानांचें आवडतें वाक्य होतें, ‘आपुला आपण करूं कारभार’. ‘कारभार’ हा शब्द चावडीवरचा. स्वराज्य म्हणजे काय, हें सांगण्यास त्यांना निराळें भाष्य करावें लागलें नाहीं. शाहीर शंकरराव निकम यांच्यासारख्यांच्या पोवाड्यांनीं हा विचार गांवोगांव पोंचविला.

बीड जिल्ह्यांतील चौसाळ्याचा मुलूख तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. तो मुक्त झाला १७ सप्टेंबर १९४८ रोजीं. पुढें १९५७ सालीं साताऱ्यांतून लोकसभेवर गेलेले नाना १९६७ सालीं कम्युनिस्ट पक्षातर्फे बीड मतदारसंघांतून निवडून आले. पोवाड्यांतील वीरपुरुष आतां या कोरडवाहू मुलखाचा प्रतिनिधि झाला. गाण्यांतल्या नायकाला धाक पुरतो. प्रतिनिधीला मात्र पाणी, रस्ता आणि धान्य यांचा जाब द्यावा लागतो. लोकप्रतिमा आणि लोककार्य यांतील अंतर येथें स्पष्ट होतें.

६ डिसेंबर १९७६ रोजीं नाना निवर्तले. ‘पत्री सरकार’ हा शब्द अद्याप सर्वांच्या तोंडीं आहे. तो उच्चारतांना त्यामागील मूळचा ‘प्रति’ स्मरणांत ठेवावा. कारण पत्रीनें शासन भिववितें, पण तें टिकतें लोकांनीं स्वतः चालविलेल्या कारभारानें.