हातातला एक्स-रे आणि मागावरचा खोकला

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका १९६६ साली सुरू झाली. तिच्यातला डॉक्टर ‘ट्रायकॉर्डर’ नावाचे छोटे यंत्र रोग्यासमोर धरी आणि आजार कळे. तसे यंत्र अजून कुणाकडे नाही. पण त्याच्या जवळ जाणारे एक आले आहे, हातात धरून काढायचा एक्स-रे. ७ डिसेंबर २०२४ ला सुरू झालेल्या क्षयरोगाच्या १०० दिवसांच्या राष्ट्रीय मोहिमेत ही यंत्रे वापरली गेली.

इचलकरंजीत खोकला ही बातमी नसते. मागावर, कांडीवर, सायझिंगमध्ये काम करणारा माणूस खोकला की घरचे म्हणतात, कापसाची धूळ आहे, गूळ खा. अनेकदा ती धूळच असते. पण धुळीच्या नावाखाली क्षय लपतो आणि दहा बाय दहाच्या खोलीत झोपणाऱ्या पोरांपर्यंत पोहोचतो. त्याहून अवघड गोष्ट अशी की, क्षय असलेल्या सगळ्यांना खोकला येतोच असे नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात छातीचा एक्स-रे काढला नसता, तर ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते. आणि लक्षणे असलेल्यांपैकी जवळपास ६४ टक्के लोक दवाखान्यात गेलेच नव्हते. म्हणून यंत्रानेच वस्तीत यायला हवे.

हे यंत्र जाडजूड कॅमेऱ्यासारखे दिसते आणि बॅटरीवर चालते. काही मॉडेलचे वजन साडेतीन किलोच्या आसपास असते. माणूस सपाट पाटीला छाती टेकवून उभा राहतो, मागून किरण जातात आणि काही सेकंदांत चित्र लॅपटॉपवर येते. विहाराच्या सभागृहातही हे होऊ शकते. किरणांची भीती अनेकांना असते. छातीच्या एका एक्स-रेचे किरण आपल्याला निसर्गातून साधारण दहा दिवसांत मिळतात तेवढेच. तरी गर्भवती बहिणींनी आधी सांगायलाच हवे.

पुढचे काम संगणकाचे. तो चित्रातल्या सावल्या तपासून संशयाचा आकडा देतो. १५ वर्षांवरील व्यक्तींसाठी अशा सॉफ्टवेअरला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. मुंबईची क्यूअर डॉट एआय ही कंपनी असे सॉफ्टवेअर बनवते. मात्र इथे एक गल्लत होते. सावली म्हणजे क्षय नव्हे. बऱ्या झालेल्या जुन्या क्षयाचा व्रणही तशीच सावली देतो. खात्री थुंकीच्या तपासणीनेच होते. त्यासाठी गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ‘ट्रूनॅट’ हे छोटे यंत्र आहे. तेही बॅटरीवर चालते आणि जंतूचे जनुक तासाभरात ओळखते. थुंकीची सोय नसलेले एक्स-रे शिबिर म्हणजे अर्धे काम, हे आयोजकांना स्पष्ट विचारा.

यंत्र निःपक्षपाती असते, असे मानू नये. कोविडमध्ये घरोघरी आलेला ऑक्सिमीटर घ्या. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, रक्तातला ऑक्सिजन घटलेला असूनही हे यंत्र तो ठीक दाखवते, आणि ही चूक गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळपास तिप्पट वेळा होते. यंत्र कोणाच्या शरीरावर तपासून बनवले, हा प्रश्न आपणच विचारायचा आहे.

विनयपिटकात तथागत आनंदाला सोबत घेऊन एका दुर्लक्षित आजारी भिक्खूला स्वतः धुतात. त्या भिक्खूजवळ कुणी फिरकत नव्हते. क्षय झालेल्याचे ताट आजही वेगळे केले जाते, आपल्याही घरांत. योग्य औषधे सुरू झाल्यावर संसर्गाचा धोका झपाट्याने कमी होतो, हे शिबिरात आधी सांगावे. सरकारी तपासणी आणि औषधे मोफत आहेत. निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये मिळतात.

शिबिराची मागणी महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे किंवा जिल्हा क्षयरोग केंद्राकडे लेखी द्यावी. वेळ मात्र आपण ठरवावी. सकाळी अकराला शिबिर ठेवले, तर मीटरवर मजुरी घेणारा माणूस माग बंद करून येणार नाही. पाळी सुटते त्या वेळी, कारखान्याच्या जवळच्या विहारात ठेवा.