मठाची पाटी आणि रोमचा शिक्का

जगाकडे पाठ फिरवून भिंतीआड प्रार्थनेत आयुष्य काढणाऱ्या धर्मभगिनींचे नवे मठ गेल्या काही दशकांत अमेरिकेत आणि युरोपात उभे राहिले. त्यांच्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात: सगळेच अधिकृत, नाहीतर सगळेच बोगस. दोन्ही मतांच्या मुळाशी गोंधळ एकच आहे. कॅथलिक चर्चची मान्यता ही एका झटक्यात मिळते किंवा मुळीच मिळत नाही, असे धरून चालले जाते. प्रत्यक्षात ती टप्प्याटप्प्याने मिळते.

बिशप स्वतः येऊन मिस्सा करून गेले, म्हणजे मठाला मान्यता मिळाली.

असे वाटणे साहजिक आहे. धर्मप्रांताचे प्रमुख ज्या दारातून आत गेले, ते दार भाविकाला अधिकृतच वाटणार. पण मिस्सा म्हणजे उपासना. तिने कोणाचा दर्जा बदलत नाही. त्यासाठी लेखी आदेश लागतो. 1983 च्या कॅनन कायद्यानुसार काही स्त्रियांनी आपसात ठरवून एकत्र राहून प्रार्थना सुरू केली, तर ती श्रद्धावंतांची खासगी संघटना होते. तिची नियमावली बिशपांनी तपासली की चर्च तिची दखल घेते. पुढे बिशपांच्या आदेशाने ती सार्वजनिक संघटना होऊ शकते, त्यानंतर धर्मप्रांतीय व्रतस्थ संस्था, आणि सर्वांत शेवटी थेट पोपच्या अखत्यारीतली संस्था. इमारतीत बिऱ्हाडे राहायला आली तरी भोगवटा प्रमाणपत्र यायचे बाकी असते, तशी पहिल्या दोन पायऱ्यांवरची स्थिती असते.

शिवाय बिशपांचा हातही आता पूर्वीइतका मोकळा नाही. व्रतस्थ संस्था स्थापण्यापूर्वी त्यांनी रोमचा सल्ला घ्यावा, एवढेच मूळ कलम 579 सांगत होते. हा सल्ला घेतला नाही तर आदेशच अवैध, असे 2016 मध्ये स्पष्ट झाले. नोव्हेंबर 2020 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कलमच बदलले आणि रोमची लेखी पूर्वपरवानगी सक्तीची केली. पुढे व्रतस्थ संस्था होण्याचा हेतू असलेल्या सार्वजनिक संघटनेलाही 2022 पासून हीच अट लागू आहे. एकाच धाटणीच्या, दम नसलेल्या संस्था उगाच वाढू नयेत, हा त्यामागचा विचार. धर्मभगिनींच्या मठाची गोष्ट आणखी वेगळी: तो स्थापताना रोमची परवानगी कलम 609 प्रमाणे आधीपासूनच लागत होती.

झगा घातला, जाळीआड राहिल्या, शपथा घेतल्या, की त्या नन झाल्या.

डोळ्यांना फरक दिसत नाही, म्हणून हा समज सर्वांत चिवट आहे. तोच झगा, तीच डोक्यावरची ओढणी, पहाटेची तीच प्रार्थना. शपथेचे शब्दही बहुधा तेच असतात. फरक पडतो तो शपथ कोणी स्वीकारली यात. चर्चच्या नावाने अधिकृत वरिष्ठाने स्वीकारलेली शपथ सार्वजनिक, बाकीच्या सगळ्या खासगी. केवळ संघटना असलेल्या समूहातली शपथ, कितीही मनापासून घेतलेली असली तरी, खासगीच राहते.

हा निव्वळ कायद्याचा कीस नव्हे. अशा समूहातून एखादी तरुणी बाहेर पडली, तर योग्य कारण असल्यास तिच्या धर्मग्रामाचा पाळकही तिला शपथेतून मोकळे करू शकतो. पोपच्या अखत्यारीतल्या मठात आजन्म व्रत घेतलेल्या भगिनीचा अर्ज मात्र रोमला जातो. आणि व्रतस्थ संस्थेत ब्रह्मचर्याचे सार्वजनिक आजन्म व्रत घेतलेल्या स्त्रीने सूट न मिळवता लग्न केले, तर चर्चच्या लेखी ते लग्न होतच नाही. खासगी शपथेमुळे लग्न रद्दबातल ठरत नाही. मुलीला अशा मठात पाठवण्यापूर्वी शपथ सार्वजनिक की खासगी, हा एक प्रश्न तरी आईवडिलांनी विचारायलाच हवा.

नुसती 'संघटना' म्हणजे बंडखोरांचा अड्डा.

वर सांगितलेले वाचून कोणी या टोकाला जाईल, तर तेही चूक. काही समूहांनी खरोखरच बिशपांना झुगारले आहे, म्हणून संशय येतो. पण पहिली पायरी बहुतेक नव्या समूहांना चुकत नाही. अमेरिकेतल्या 'बेनेडिक्टाइन्स ऑफ मेरी, क्वीन ऑफ अपॉसल्स' या भगिनी 1995 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन येथे एकत्र आल्या आणि 2006 मध्ये मिझुरीत गेल्या. धर्मगुरूंची उपासनावस्त्रे शिवणे हा त्यांचा व्यवसाय, आणि त्यांच्या भक्तिगीतांच्या ध्वनिमुद्रिका तर चांगल्याच खपल्या. धर्मप्रांतीय व्रतस्थ संस्थेचा दर्जा त्यांना मिळाला 2014 मध्ये. मधली एकोणीस वर्षे त्या बंडखोर नव्हत्या, वाटेवर होत्या.

अव्हिलाच्या संत तेरेसांनाही कागद सुटला नव्हता. 24 ऑगस्ट 1562 रोजी चार तरुणींना घेऊन त्यांनी सेंट जोसेफ मठ उघडला, तेव्हा हातात रोमचे आज्ञापत्र होते. तरीही उत्पन्नाशिवाय हा मठ चालणार कसा, म्हणून नगरपालिका खवळली आणि प्रकरण कोर्टकचेरीपर्यंत गेले.

भिंत जितकी उंच, तितकी मान्यता मोठी.

उलटेही घडते. स्पेनमधल्या लेर्मा येथील क्लॅरिस्ट पंथाच्या मठात तरुणींची रीघ लागली होती. त्यातूनच 2010 मध्ये रोमने 'इएसु कॉम्युनिओ' ही थेट पोपच्या अखत्यारीतली नवी संस्था मान्य केली. दर्जा वरचा मिळाला, जुनी कडक बंदिस्ती मात्र गेली.

जागा आणि देणगीदार मिळाले की मठ उभा राहतो. ट्रस्टची नोंदणी झाली की काम फत्ते.

धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणीने मालमत्ता सांभाळता येते, बँकेत खाते उघडते. चर्चमधला दर्जा त्याने तसूभरही हलत नाही. रोमच्या 2018 च्या 'कोर ओरान्स' या निर्देशानुसार स्वायत्त मठासाठी आजन्म व्रत घेतलेल्या किमान आठ भगिनी हव्यात, आणि त्यांतल्या बहुसंख्य वयोवृद्ध नसाव्यात. एका भगिनीच्या प्राथमिक घडणीलाच नऊ ते बारा वर्षे लागतात. पैशाने ही वर्षे विकत मिळत नाहीत.

स्वायत्त मठाला कोणी विचारू शकत नाही.

स्वायत्त मठ आपली प्रमुख आपण निवडतो, हे खरे, आणि त्यावरूनच हा समज पसरतो. पण आजन्म व्रत घेतलेल्या भगिनी पाचवर आल्या की तो हक्कही जातो. आणि जाब तर विचारला जातोच: स्पेनमधल्याच बेलोरादो येथील क्लॅरिस्ट भगिनींनी मे 2024 मध्ये चर्चशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. रोमने मठाचा कारभार बुर्गोसच्या आर्चबिशपांकडे सोपवला आणि जूनमध्ये दहा भगिनी बहिष्कृत झाल्याचे घोषित झाले.

सरकारने मठ बंद केला की तो संपला.

जुन्या गोव्यातल्या सांता मोनिकाच्या भव्य इमारतीकडे पाहून असेच वाटते. आर्चबिशप मेनेझिस यांनी 1606 मध्ये हा ऑगस्टिनियन भगिनींचा मठ सुरू केला. एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीज सरकारने नव्या मुली घ्यायला बंदी केली आणि मठ हळूहळू रिकामा झाला. सरकार अशी कोंडी करू शकते, पण चर्चच्या कायद्यात स्वायत्त मठ विसर्जित करण्याचा अधिकार केवळ रोमचा आहे. असे विसर्जन झाले नाही, तर काम थांबल्यावर शंभर वर्षे उलटेपर्यंत मठाचे कायदेशीर अस्तित्व टिकते. आणि नियमावलीनुसार समूह संपुष्टात आलेला नसेल, तर उरलेल्या एकट्या भगिनीलाही त्याचे सर्व हक्क बजावता येतात.